पट्टे सैल केले तरी बाळ रडतच होतं: कार-सीटच्या हार्नेसचं एक प्रकरण

कार-सीट बसवून देणं आणि तपासून देणं हे माझं काम. त्यातलं एक प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सीट, पट्टे आणि बाळाची बैठक याबद्दलचं सगळं मात्र जसंच्या तसं आहे.

पार्श्वभूमी

बाळ साडेपाच महिन्यांचं, वजन 7 किलो. जन्म 36 व्या आठवड्यातला, त्यामुळे सुरुवातीला अंगानं बारीक. 37 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला घरी सोडण्याआधी काही वेळ कार-सीटमध्ये बसवून त्याचा श्वास, नाडी आणि ऑक्सिजन पाहावा, अशी अमेरिकन अकादमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सची शिफारस आहे. या बाळाच्या बाबतीत ते झालं होतं आणि काही आक्षेपार्ह आढळलं नव्हतं.

सीट नवीन घेतलेली, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवायची. हार्नेस पाच ठिकाणी धरणारा: दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेपाशी, एक मांड्यांच्या मधून. छातीवर दोन्ही पट्टे एकत्र धरणारी चेस्ट क्लिप. खांद्याच्या पट्ट्यांची उंची बदलायची तर ते सीटच्या मागून काढून दुसऱ्या खाचेतून ओवावे लागत. नुसता डोक्याचा भाग वर सरकवला की पट्टेही सरकतात, त्या प्रकारातली ही सीट नव्हती. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ बऱ्याच अंशी याच ओवण्यात होतं.

बाळाला गाडीतून नेणारे तिघं. सकाळी बाबा, संध्याकाळी आई, आणि दुपारी बहुतेक वेळा आजी.

अडचण

पहिले तीन-साडेतीन महिने बाळ सीटमध्ये बसवलं की झोपून जायचं. मग हळूहळू रडणं सुरू झालं. आधी गाडी थांबली की रडायचं, नंतर बकल लावतानाच अंग ताठ करून कमान करायला लागलं. मांड्यांच्या सांध्याशी लाल वळ उठायचे आणि बाहेर काढल्यावरही बराच वेळ दिसत राहायचे. मानेच्या उजव्या बाजूला कातडी घासल्यासारखी झाली होती. डॉक्टरांनी तपासलं, कान आणि पोट ठीक असल्याचं सांगितलं, आणि सीट कुणाला तरी दाखवून घ्या असं सुचवलं.

मला आलेला निरोप आईचा होता. तिचा प्रश्न सरळ होता: "ताई, पट्टे नेमके किती सैल ठेवले तर चालतात?"

घरात त्याच एका उपायावर भर होता. बाळ रडलं की पट्टा थोडा सैल करायचा. आजींचं म्हणणं होतं, "एवढं आवळून बांधायला ते काय गाठोडं आहे?" त्यांच्या बोलण्यात माया होती आणि निरीक्षणही होतं. बाळाला त्रास होतोय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्रासाचं कारण तेवढं दुसरीकडे होतं.

पाहिल्यावर काय दिसलं

अशा वेळी मी लगेच सीटला हात लावत नाही. घरातलं माणूस रोज बसवतं तसंच बाळाला बसवायला सांगते आणि फक्त बघते. आजींनी बसवलं. बाळाच्या अंगात जाड, कापूस भरलेला कोट होता. पट्टे अर्धवट सैल असल्यामुळे हात आत घालताना कोपर अडकलं, आणि रडणं तिथूनच सुरू झालं. गाडी अजून जागेवरच उभी होती.

बाळ बसल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे त्याची हनुवटी. ती छातीला टेकली होती. ढुंगण सीटच्या पाठीला लागलेलं नव्हतं, पुढे घसरलं होतं, आणि सगळा भार मांड्यांच्या मधल्या पट्ट्यावर आला होता. लाल वळांचा उगम तिथे होता.

मग एकेक थर उलगडत गेला. सीटसोबत आलेली तान्ह्या बाळांची आतली गादी अजून तशीच होती. माहितीपुस्तिकेत तिला वजनाची मर्यादा दिलेली होती आणि बाळानं ती केव्हाच ओलांडली होती. त्या गादीवर, डोक्यामागे, वेगळी विकत आणलेली मऊ उशी. खांद्याच्या पट्ट्यांवर वेगळे विकत आणलेले जाड पॅड. ते इतके लांब होते की चेस्ट क्लिप काखेच्या रेषेपर्यंत चढतच नव्हती, पोटावर राहत होती.

पट्टे बाळाच्या खांद्यांच्या वरच्या खाचेतून येत होते. बाबांनी सांगितलं की नात्यातल्या एकांनी सुचवलं म्हणून त्यांनी ते वर घेतले. त्या नातेवाइकांचं मूल मोठं आहे आणि पुढे तोंड करून बसतं. त्यांच्या सीटपुरता सल्ला बरोबरच होता.

सीट उलटी करून मागची बाजू पाहिली. खांद्याचे दोन्ही पट्टे मागे एका धातूच्या पट्टीत अडकतात. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला दोन फासे असतात, एक जवळचा आणि एक लांबचा. डावा पट्टा लांबच्या फाशात होता आणि उजवा जवळच्या. शिवाय उजव्या पट्ट्याला आत एक पीळ बसला होता. म्हणजे समोरून कितीही नीट ओढलं तरी उजवा पट्टा मानेत रुतणार आणि डावा लोंबत राहणार. मानेवरच्या घासण्याचा उलगडा इथे झाला.

शेवटी सीटचा कल. कडेला असलेली रेघ आडवी, अगदी पातळीत दिसली की कल बरोबर, अशी त्या सीटवर खूण होती. घरासमोर गाडी उताराला उभी राहायची आणि तिथे ती रेघ पातळीत दिसायची. सपाट जागेवर गाडी नेली तेव्हा कळलं की सीट हवी त्यापेक्षा उभी आहे.

गाडीच्या पट्ट्यानं सीट मात्र घट्ट बसवलेली होती. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवलं तर अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी हलत होती. तिथे काही करायची गरज नव्हती.

सैल पट्ट्यानं त्रास वाढत कसा गेला

हे सगळं एकत्र ठेवलं की चक्र स्पष्ट दिसतं. सीट उभी आणि आतली गादी बाळाला पुढे ढकलणारी, त्यामुळे बाळ खाली घसरतं. घसरलं की मांड्यांमधला पट्टा रुततो आणि ते रडतं. रडलं म्हणून खांद्याचे पट्टे सैल केले, की त्याला मागे धरून ठेवणारं काहीच उरत नाही आणि ते आणखी घसरतं. पट्टा आणखी रुततो, मान आणखी पुढे पडते. घरच्यांनी प्रत्येक वेळी मायेनं केलेला उपाय पुढच्या रडण्याची तयारी करत होता.

आराम आणि सुरक्षितता यांत एकाला मुरड घालूनच दुसरं मिळतं, असं बहुतेक पालकांना वाटतं. हार्नेसच्या बाबतीत माझा अनुभव नेमका उलटा आहे. बाळाचं ढुंगण पाठीला लागलेलं, पट्टे अंगाला सपाट आणि दोन्हीकडे सारखे असले की वजन सगळ्या अंगावर वाटलं जातं. रुततं ते एका ठिकाणी भार आल्यावर, आणि एका ठिकाणी भार येतो तो बहुतेक वेळा ढिलाईमुळे.

मान पुढे पडण्याची गोष्ट आरामापुरती नाही. लहान बाळाची श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते. हनुवटी छातीला टेकून राहिली तर श्वासाचा मार्ग दबू शकतो, आणि अशा बैठकीत डोकं उचलून धरणं लहान बाळाला नेहमी जमतंच असं नाही.

कोणते पर्याय समोर होते

कुटुंबानं स्वतः चार पर्याय मांडले.

पट्टे सैलच ठेवायचे आणि गाडी हळू चालवायची, हा पहिला. तो मी लगेच बाजूला ठेवला. धडक आपल्याच वेगानं होते असं नाही, आणि सैल पट्ट्यातून बाळ वर सरकून खांदे निसटू शकतात.

दुसरा, रडलं की आजींनी मांडीवर घ्यायचं. इथे थोडं गणित करून दाखवलं. ताशी 50 किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. तो एक दशांश सेकंदात शून्यावर आला तर अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 14 पट झटका बसतो. 7 किलोचं बाळ त्या क्षणी हातांना 100 किलोच्या आसपास वाटेल. हे आकडे ऐकल्यावर आजी काही बोलल्या नाहीत, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

तिसरा, सीट पुढे तोंड करून बसवायची, म्हणजे बाळाला बाहेरचं दिसेल आणि ते रमेल. ही सीट त्यासाठी बनलेलीच नव्हती. असती तरी साडेपाच महिन्यांच्या बाळाला पुढे तोंड करून बसवायचं नाही. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं फार मोठं आणि जड असतं, मान कोवळी असते. समोरून धडक झाली तर मागे तोंड असलेल्या बाळाचं डोकं, मान आणि पाठ एकत्र सीटच्या पाठीत दाबली जातात. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यांत अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. आर 129 हे आंतरराष्ट्रीय मानक 15 महिने पूर्ण होण्याआधी पुढे तोंड करू देत नाही, आणि त्यानंतरही सीटची मर्यादा संपेपर्यंत मागेच तोंड ठेवणं चांगलं.

चौथा, नवीन सीट घ्यायची. हा पर्याय मी गंभीरपणे तपासला. बाळ सीटच्या वजनमर्यादेत होतं. डोक्याच्या टोकापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत पुरेशी जागा होती. या सीटला तिथे किमान अडीच सेंटिमीटर लागत. लेबलावरची मुदत संपलेली नव्हती, सीट कोणत्याही अपघातातून गेलेली नव्हती. म्हणजे सीटमध्ये दोष नव्हता आणि ती लहानही पडत नव्हती. नवी आणली असती तर तेच कोट, त्याच उशा आणि तेच सैल पट्टे नव्या सीटवर आले असते.

म्हणून पाचवा पर्याय घेतला: ही सीट रिकामी करून शून्यापासून बाळाच्या मापाला बसवायची.

काय केलं, आणि कोणत्या क्रमानं

क्रमाला इथे फार महत्त्व आहे. आधी खाच ठरवून मग गादी काढली असती तर काम परत करावं लागलं असतं, कारण गादी काढली की बाळ तिच्या जाडीइतकं खाली बसतं आणि खांद्यांची उंची बदलते.

आधी उशी, आणलेले पॅड आणि तान्ह्या बाळाची गादी हे सगळं बाहेर काढलं. बाबांना पॅड ठेवायचे होते. मानेवर घासलेलं होतं, त्यामुळे त्यांची काळजी समजण्यासारखी होती. निर्णयाची ही एक खरी जागा होती. सीटसोबत आलेले आणि तिच्यासह चाचणी झालेले पॅड असते तर मी ठेवू दिले असते. वेगळे आणलेले पॅड त्या सीटबरोबर कुणी तपासलेले नसतात, आणि हे तर क्लिपच्या आड येत होते. त्याऐवजी मानेशी बंद असलेला पातळ सुती कपडा घालायचा, म्हणजे पट्टा थेट कातडीला लागणार नाही, असं ठरलं.

मग गाडी सपाट जागेवर घेतली आणि सीटचा खालचा पाय फिरवून कल बरोबर केला. गाडीचा पट्टा पुन्हा कसला आणि सीट हलते का ते पाहिलं.

नंतर बाळाला रिकाम्या सीटमध्ये, ढुंगण अगदी मागे टेकवून बसवलं आणि खांद्यांची रेषा पाहिली. मागे तोंड करून बसणाऱ्या बाळाचे पट्टे खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. पुढे तोंड असेल तर रेषेत किंवा किंचित वरून. कारण साधं आहे. मागे तोंड असताना धडक झाली की बाळ सीटच्या पाठीवरून वर, डोक्याच्या दिशेनं सरकू पाहतं. खालून आलेला पट्टा त्याला धरून ठेवतो. वरून आलेल्या पट्ट्यात तेवढ्या अंतराची मोकळीक आधीच असते. इथे पट्टे एक खाच खाली आणावे लागले.

ओवण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवला. पीळ सोडवला. दोन्ही पट्टे सारख्याच फाशांत अडकवले, आणि पट्टे वरपासून खालपर्यंत बोटांतून सपाट ओढून पाहिले.

मांड्यांमधल्या बकलला या सीटमध्ये दोन जागा होत्या. आतली तान्ह्या बाळासाठी, आणि बकल तिथेच राहिलं होतं. बाळ आता त्या पट्ट्यावर जवळजवळ बसत होतं. बकल बाहेरच्या खाचेत नेलं. पट्टा अंगाच्या जवळ हवा, पण अंगाखाली नको. रडण्याचा सर्वांत मोठा भाग या एका बदलानं गेला असं मला वाटतं. बकलमध्ये दूध वाळून ते अडकत होतं, तेही पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यानं साफ केलं. बकलमध्ये तेल घालायचं नाही आणि पट्टे साबणात भिजवायचे नाहीत, हे सांगावं लागलं, कारण दोन्हीचा विचार घरात झाला होता.

बांधण्याची पद्धत आणि आजी

सीट बरोबर झाली तरी रोज बांधणारे हात तिघांचे होते. म्हणून उरलेला सगळा वेळ मी आजींबरोबर घालवला.

त्यांची खरी अडचण बोटांची होती. पट्टे सोडायचं बटण पुढच्या कापडाखाली असतं. ते दाबून ठेवताना दुसऱ्या हातानं पट्टे ओढायचे असतात. त्या एकेक पट्टा ओढायच्या आणि तो अर्धवटच यायचा. अंगठ्याऐवजी तळव्याचा खालचा भाग बटणावर टेकवून, दोन्ही पट्टे छातीपाशी एकत्र धरून ओढले की ते एका दमात सैल होतात, हे दाखवलं. बाळाला काढताना पट्टे पूर्ण सैल करून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी हात सहज आत जातात. कोपर अडकून सुरू होणारं रडणं यानं थांबलं.

मग बांधायचा क्रम. ढुंगण मागे टेकवायचं, बकल लावायचं. नंतर कमरेपाशी पट्टे वर ओढून तिथली ढिलाई खांद्यांकडे आणायची. ही पायरी जवळजवळ सगळे जण गाळतात, आणि मांड्यांवरचा पट्टा सैल राहिला की बाळ घसरणारच. त्यानंतर पुढचा पट्टा ओढून हार्नेस कसायचा. खांद्याच्या हाडापाशी पट्ट्याची चिमूट घ्यायचा प्रयत्न करायचा. कापड चिमटीत आलं तर अजून कसायचं, बोटं घसरली तर पुरे. शेवटी क्लिप काखेच्या रेषेत. सगळ्या सीटना ही क्लिप नसते. जिथे नसते तिथे बाहेरून आणून लावायची नाही.

कोटाचा प्रश्न वाद घालून सुटला नसता. म्हणून बाळाला कोट घालूनच बांधलं, आजींना स्वतः चिमूट घेऊन पाहायला लावलं, आणि पट्ट्यांची लांबी तशीच ठेवून बाळाला बाहेर काढलं. कोट उतरवून पुन्हा बसवलं, बकल लावलं. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये आजींचा हात सहज गेला. धडकेत कोटातला कापूस असाच दबतो आणि उरते ती एवढी मोकळीक. त्यानंतर पातळ कपड्यांवर पट्टे बांधायचे आणि पांघरूण वरून घालायचं, हे आजींनीच इतर दोघांना बजावलं.

परिणाम

रडणं एका दिवसात नाहीसं झालं नाही. बकल लावताना होणारा ताठरपणा पहिल्या आठवड्यात कमी झाला. मांड्यांवरचे वळ लवकरच दिसेनासे झाले, मानेवरची कातडी भरून आली. हनुवटी आणि छाती यांच्यात आता अंतर राहतं.

संध्याकाळच्या फेरीतलं रडणं मात्र चालूच राहिलं. त्या वेळी बाळ दमलेलं आणि भुकेलं असतं. पट्ट्यांचा त्याच्याशी संबंध नाही. हे आईला मान्य करायला वेळ लागला, कारण प्रत्येक रडण्यानंतर तिचा हात पट्ट्याकडे जायचा. तिनं फेरीची वेळ थोडी अलीकडे घेतली. लांबच्या प्रवासात मधे थांबून बाळाला सीटमधून काढायचं ठरलं. घरी पोचल्यावर झोपलेल्या बाळाला सीटमध्ये तसंच ठेवणं, तेही क्लिप किंवा बकल सोडून, बंद झालं. अर्धवट सोडलेल्या पट्ट्यांत बाळ खाली सरकून गळा अडकण्याचा धोका असतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, तान्ह्या बाळाची गादी. पुस्तिकेतली वजनाची मर्यादा पहिल्याच दिवशी बाळाच्या वजनाच्या नोंदवहीत लिहिली असती, तर वजन करताना ती आपोआप समोर आली असती. या कुटुंबात वजन नियमित होत होतं, पण सीट आणि वजन यांची गाठ कुणी घातली नव्हती. बारीक जन्मलेल्या बाळांच्या घरी ही गादी जास्त काळ राहते असं मी पाहिलं आहे. बाळ मोठं झालं हे मानायला तिथे मन जरा उशिरा तयार होतं.

पट्टे वर घेताना बाबांनी काळजीनं आणि मेहनतीनं काम केलं होतं. त्यांना हवी होती ती एकच माहिती: सीटचं तोंड कुठे आहे त्यावर पट्ट्यांची उंची ठरते. पट्ट्यांबद्दल सल्ला देणाऱ्याला आधी "तुमचं मूल कुठे तोंड करून बसतं?" एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. आणि ओवण्याआधी फोटो काढला असता तर दोन वेगळे फासे तिथेच लक्षात आले असते.

एका निर्णयाबद्दल मला अजूनही दोन्ही बाजू दिसतात. सगळे बदल एकाच भेटीत केले, त्यामुळे नेमक्या कशानं किती फरक पडला हे सांगता येत नाही. बकलची जागा हे माझं अनुमान आहे, तपासलेलं नाही. एकेक बदल करून पाहिला असता तर कळलं असतं, पण तोवर बाळ चुकीच्या पट्ट्यांत फिरलं असतं. पुन्हा अशी वेळ आली तरी मी सगळं एकदमच करेन.

आजींना पहिल्यापासून सोबत घ्यायला हवं होतं. सीट आणली त्या दिवशी पुस्तिका आई-बाबांनी वाचली, आजींना तोंडी सांगितलं. दुपारची बांधणी मात्र त्यांची होती. आता पट्ट्यांची उंची तपासायचं काम घरात आजींकडे आहे. बाळाचं वजन झालं की त्या चिमूट घेऊन पाहतात, खांद्यांची रेषा पाहतात आणि मला फोटो पाठवतात. गेल्या फोटोत खांदे पुढच्या खाचेच्या जवळ आले होते, पण अजून तिच्या खालीच होते, म्हणून पट्टे आहेत तिथेच ठेवायला सांगितलं.